शिलाईमशीन दिलं, पुढं काय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, यावरून आमच्या महिला मंडळात दरवर्षी वादावादी होते. तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, वाट्या-डबे पुष्कळ झाले. त्या पैशांतून एखाद्या गरजू बाईला शिलाईमशीन द्यायचं. दिलंही. हार घातला, फोटो काढला, पेढे वाटले. परवा तिच्या घरी सहज डोकावले, तर मशीनवर स्वच्छ धुतलेला टेबलक्लॉथ आणि त्यावर टीव्ही! "बाई, मला कुठं शिवता येतंय? तुम्ही विचारलंच नाही," असं ती हसत हसत बोलून गेली. मैत्रिणींनो, घरी येईपर्यंत मी ओशाळलेलीच होते.

तेव्हापासून सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या कामाविषयी हाती पडेल ते वाचते आहे. मुलूख दुष्काळी. मुंबईत वाढलेल्या चेतना सिन्हा लग्न होऊन म्हसवडला आल्या आणि १९९६ साली त्यांनी माणदेशी फाउंडेशन सुरू केलं. मूळ निमित्त झालं ते लोहारकाम करणाऱ्या एका बाईचं. ती रस्त्याकडेला राहायची. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोजचे चार पैसे बँकेत ठेवायचे होते. एवढ्याशा रकमेचं खातं कुणी उघडेना. पाहा हं, ती देणगी मागत नव्हती, कर्जही नाही. स्वतःचेच पैसे ठेवायला जागा मागत होती!

मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण त्यावर सह्यांऐवजी अंगठे. बायका घरी बसल्या नाहीत. दिवसभराचं काम आटोपून अक्षरं गिरवू लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा साहेबांपुढं उभ्या राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेब येतो, म्हणाल्या. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या लोकांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. मी अर्धा दिवस शाळेत गणित शिकवते. 'मला गणित येत नाही' म्हणणाऱ्या मुलींना ही गोष्ट हमखास सांगते.

पुढची गंमत तर आपल्या घराघरातली आहे. बँकेत यायचं म्हणजे मजुरी बुडते, म्हणून बँकेची माणसं दारी जाऊ लागली. तरी बायका पासबुक नको म्हणाल्या. का? घरात ठेवलं की नवऱ्याच्या नजरेस पडणार आणि साठवलेलं जाणार. (डाळीच्या डब्यात नोटा लपवणाऱ्या आपण, आपल्याला हे समजावून सांगायला नको!) म्हणून कार्ड आलं. त्याचा आकडा कुणीही काढून घेईल, तेव्हा अंगठाच चालवा, अंगठा कोण चोरणार, असं त्यांनीच सुचवलं. ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला, तोच तिजोरीची किल्ली झाला.

इथं एक गोष्ट मला उशिरा उमगली. बँक आणि फाउंडेशन एक नव्हे. बँकेतला पैसा ठेवीदार बायकांचा. तो कर्जाऊ दिला की व्याजासह परत यायलाच हवा, तिथं दया दाखवून चालत नाही. पण धंदा कसा करायचा हे शिकवण्याचा खर्च त्या पैशातून कसा करणार? तिथं देणगीचं काम. फाउंडेशननं बसमध्येच धंद्याची शाळा थाटली आणि ती गावोगाव फिरवली, बायकांसाठी रेडिओ काढला. २०१२ च्या दुष्काळात दागिने गहाण ठेवून चारा घ्यायची वेळ बायांवर आली, तेव्हा म्हसवडला जनावरांची छावणी उभी केली. दागिने ठेवून घेऊन कर्ज देणं बँकेला सोपं होतं. पण गावात पाणी-चाराच नसेल तर त्या कर्जाचं करायचं काय?

आमच्या दारावरची भाजीवाली सकाळी शंभराऐवजी नव्वद हातात घेते आणि संध्याकाळी पुरे शंभर मोजते. तिला हातगाडी भेट देऊन हे दहा रुपये वाचणार नाहीत. बाजाराच्या दिवसापुरतं भांडवल रास्त व्याजानं मिळालं, तर वाचतील.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं. खजिनदारबाई म्हणाल्या, "अहो, क्लासची फी भरली तर फोटो कशाचा काढायचा?" त्यांचंही अगदीच चूक नाही, फोटो पाहूनच पुढच्या वर्षी वर्गणी येते. तासभर खल झाला. शेवटी मशीनवाल्या बाईलाच बोलावलं आणि विचारलं. ती म्हणाली, "ब्लाउजचं माप घ्यायला शिकवा, अन् क्लास दुपारी दोननंतर ठेवा. सकाळी चार घरची धुणी असतात."

सहा महिन्यांची फी भरली आहे. टीव्हीसाठी फळी मात्र तिनं स्वतःच ठोकून घेतली.