शेवटच्या आसनावरून

मोठ्या कुटुंबासाठी मोटार घ्यावयाची झाली म्हणजे तिची परीक्षा बहुधा घरातील कर्ता पुरुष करतो आणि ती तो चालकाच्या आसनावर बसून करतो. वस्तुतः त्या वाहनातील सर्वांत विचारपूर्वक घडविलेली, सर्वांत सुखाची आणि म्हणूनच दोष झाकण्यात सर्वांत तरबेज अशी जागा तीच होय. ज्यांच्यासाठी म्हणून हा लाखांचा खर्च मांडला जातो ती आजी, ती शाळकरी मुले, तो लग्नाला निघालेला भाचा ही मंडळी मागे, आणि पुष्कळदा अगदी मागे, बसणार असतात. त्यांचा अभिप्राय शोरूममध्ये कोणी घेत नाही. नव्याने घडविलेल्या कोणत्याही मोठ्या कौटुंबिक गाडीचा निवाडा शेवटच्या रांगेतील आसनावरून व्हावा असे आमचे मत असून, महिंद्रा कंपनीची स्कॉर्पिओ-एन ही गाडी त्या कसोटीस लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

ही गाडी निवडण्यास कारण आहे. यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या मार्गावरील नेर परसोपंत या आमच्या तालुक्याच्या गावी, आणि एकंदर वऱ्हाडातच, स्कॉर्पिओचे नाव ऐपतीच्या दाखल्यासारखे उच्चारले जाते. पुढाऱ्याच्या ताफ्यात ती असते, कंत्राटदाराच्या दारात ती असते, आणि कापूस-तुरीला एखाद्या वर्षी बरा भाव लाभला की बागायतदाराच्या मनातही तीच असते. या प्रदेशात अशा गाडीकडून अपेक्षिलेली कामगिरीही विलक्षण संमिश्र: सकाळी काळ्या मातीच्या पांदणीतून शेताच्या धुऱ्यापर्यंत जावे, दुपारी तहसील कचेरीच्या आवारात दिमाखाने उभे राहावे, आणि सुटीच्या दिवशी सात माणसे घेऊन माहूरगडाचा घाट चढावा किंवा शेगावचे दर्शन उरकून यावे.

महिंद्रांचा धंदा मुळातच पाय रोवून चालणाऱ्या गाड्यांचा. १९४५ साली जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ही पेढी काढली, आणि तिच्या नावात महिंद्रांच्या जोडीला महंमद हे नाव होते. फाळणीनंतर हे गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले आणि येथे उरलेल्या पेढीने विलिस जीप जोडण्यापासून आपला मार्ग धरला. जीपच्या त्या परंपरेतूनच २००२ साली पहिली स्कॉर्पिओ निघाली. ती नाशिकच्या कारखान्यातली. तिच्यानंतर वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, पुण्याजवळच्या चाकणहून स्कॉर्पिओ-एन बाहेर पडली, आणि जुनी गाडी ‘क्लासिक’ या बिरुदाने विक्रीस तशीच राहिली. जुने आणि नवे एकाच दुकानात शेजारी उभे करून पाहण्याची अशी सोय ग्राहकास क्वचितच मिळते. ती अवश्य घ्यावी.

मापे पाहिली तर नव्या गाडीची लांबी ४६६२ मिलिमीटर, म्हणजे जुनीहून २०६ अधिक. रुंदी १९१७, म्हणजे जवळपास दहा सेंटिमीटर अधिक. उंची मात्र सुमारे चौदा सेंटिमीटरने कमी. उंची उतरली आणि रुंदी वाढली की वळणावर गाडीचा डोलारा कमी कलतो, हे साधे भौतिकशास्त्र. तथापि पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर केवळ ७० मिलिमीटरने वाढले आहे, ही बाब कोणत्याही जाहिरातीत ठळक अक्षरांत सापडणार नाही. प्रवाशांची ऐसपैस जागा प्रामुख्याने याच अंतरात असते. त्याच्या पलीकडची लांबी नाक आणि शेपूट यांच्या वाट्याला जाते.

आता त्या शेवटच्या रांगेत बसून पाहू. जुन्या स्कॉर्पिओत येथे बहुधा एकमेकांसमोर तोंड केलेली आडवी बाकडी असत. त्यांवर गुडघ्याला गुडघा लावून गप्पा छान होत, परंतु ब्रेक लागताच सर्व बैठक चालकाच्या दिशेने घसरे. नव्या गाडीत हे आसन इतरांप्रमाणे पुढे तोंड करून बसविले आहे, आणि आमच्या मते साऱ्या पुनर्रचनेतील सर्वांत मोलाचा फेरबदल हाच आहे, मग लोक पडद्याच्या आकाराचे आणि छतावरील काचेचे कितीही कौतुक करोत. पण तेथवर पोहोचण्यास मधल्या रांगेचे आसन दुमडून वाकून शिरावे लागते, आणि लुगडे नेसलेल्या सत्तरीच्या आजीबाईंना ते कितपत साधेल याचे उत्तर विक्रेत्याने देण्याऐवजी आजीबाईंनीच द्यावे हे इष्ट. गाडी पोलादी चासीवर उभारलेली असल्याने मागील तळ उंच राहतो, त्यामुळे प्रौढ माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार उरत नाही. पाच मिनिटांत हे जाणवत नाही, अर्ध्या तासात कंबर सांगू लागते. वैशाखात विदर्भाचा पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा या रांगेत थंड हवेचा झोत स्वतंत्रपणे येतो काय, हेही पुस्तिकेत शोधण्यापेक्षा हाताने पाहावे. आणि ही रांग उघडी असताना मागे सामानास जागा जेमतेम दोन लहान पिशव्यांची. सात माणसांच्या वळकट्या मग छतावरच्या कॅरिअरवर जाणार.

खड्ड्यांचा हिशेबही याच जागी होतो. मधली रांग दोन्ही चाकांच्या मध्ये असल्याने तिला धक्का विभागून मिळतो, शेवटची मात्र मागच्या आसावरच येते. या गाडीचा मागचा आस अखंड आहे, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही त्याची खबर लागते. तो आस आडवा सरकू नये म्हणून जी दांड्यांची जोडणी बसविली आहे ती जेम्स वॅट याने १७८४ च्या सुमारास वाफेच्या यंत्रासाठी योजली होती, हे ऐकून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आनंद व्हावा. मागच्या स्प्रिंगा भरल्या गाडीचे ओझे धरून घडविलेल्या असतात, म्हणून रिकामी गाडी चालवून तिला कडक ठरविणे अन्यायाचे, आणि एकट्याने चालवून तिला मऊ ठरविणे भोळेपणाचे.

सुरक्षिततेच्या बाबतीत नव्या गाडीने जी मजल मारली ती मान्य केलीच पाहिजे. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ साली जुन्या स्कॉर्पिओची एअरबॅग नसलेली आवृत्ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविली तेव्हा प्रौढांच्या रक्षणाबद्दल तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. सर्वांनी हा पाचाचा आकडा ऐकला. त्याच अहवालात प्रौढांच्या रक्षणासाठी ३४ पैकी २९.२५ गुण आहेत, तर बालकांच्या रक्षणासाठी ४९ पैकी केवळ २८.९३ गुण आणि तारे तीन आहेत, याची वाच्यता फारशी होत नाही. आणि कौटुंबिक गाडी म्हणून विचार करावयाचा तर आम्ही दुसऱ्या आकड्यास पहिल्याहून अधिक वजन देऊ. शिवाय हे सारे तारे पट्टा बांधलेल्या बाहुल्यांनी मिळविलेले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला तो एका उत्तम जर्मन गाडीत, मागच्या आसनावर, पट्टा न बांधता. आमच्याकडे मागे बसणारा पट्टा शोधीतही नाही, इतकेच नव्हे तर पट्ट्याची कडी पुष्कळदा गादीखाली गडप झालेली असते; खरेदीपूर्वी सातही पट्टे ओढून पाहावेत.

वेगाचा मुद्दा नेरकरांना आता परका राहिलेला नाही. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत, ७०१ किलोमीटर, पुरता खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० ची मुभा आहे. आपल्या रस्त्यांवर जी गाडी ८० ने चालते ती १२० ने धावू लागली की तिच्यातील गतिज ऊर्जा दीडपट न होता सव्वादोनपट होते, आणि ती सारी ब्रेकांना व टायरांना झिजवूनच थांबते. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला पंक्चरच्या दुकानात अजून मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची कड अधिक दुमडते, अधिक तापते व लवकर फाटते. भरल्या गाडीसाठी किती हवा हवी याचा तक्ता चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो.

पांदणीविषयी एकच सूचना: बहुतेक आवृत्त्यांत जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो, चारही चाकांची सोय केवळ काही डिझेल आवृत्त्यांत आहे, श्रावणातल्या काळ्या चिखलात नुसत्या नावाचा रुबाब कामास येत नाही.

सरकारी महसुलाचा तपशीलही ध्यानात असावा. चार मीटरहून लांब, १५०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या व १७० मिलिमीटरहून उंच तळाच्या गाडीवर पूर्वी उपकरासह ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. त्यावर महाराष्ट्राचा मोटार वाहन कर, दहा ते वीस लाखांच्या खासगी डिझेल गाडीस १४ व पेट्रोल गाडीस १२ टक्के. म्हणून जाहिरातीतील किंमत आणि एमएच-२९ चा क्रमांक लागून दारात उभी राहणारी किंमत यांत मोठी तफावत पडते. कर्जाचा हप्ता दुसरीवर काढावा.

आमचा निर्णय असा की, ज्या घरात रोजची माणसे चार-पाच आणि सात होण्याचे प्रसंग वर्षातून मोजके, त्या घरास ही पुनर्रचना जुनीपेक्षा निःसंशय सरस आहे. ज्यांना सात माणसे व त्यांचे सामान घेऊन वारंवार लांबचा प्रवास करावयाचा आहे, त्यांनी इनोव्हासारख्या ऐसपैस शेवटच्या रांगेची गाडी आधी पाहावी. दोघांनीही बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्हला सारे घर न्यावे, गाडी पूर्ण भरून यवतमाळ-नेर रस्त्यावर न्यावी, आणि पैसे देणाऱ्याने ती सबंध फेरी मागे बसून करावी.