घामाचा हप्ता

गरिबाला घर द्यावे, की त्याला घर बांधू लागावे? दोन्ही गोष्टी सारख्या वाटल्या तरी सारख्या नाहीत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अमेरिकस या लहानशा गावाजवळच्या 'कोइनोनिया' नावाच्या शेतावर १९६८ साली या प्रश्नाचा निकाल लागला. हे शेत क्लॅरेन्स जॉर्डन या बायबलच्या अभ्यासकाने १९४२ मध्ये वसविलेले. तेथे गोरे आणि काळे एका पंक्तीला बसत. एवढ्याच अपराधासाठी पुढे गावच्या दुकानदारांनी त्यांना माल देणे बंद केले. रात्रीबेरात्री गोळ्याही झाडल्या गेल्या. याच शेतावर मिलार्ड फुलर हा तरुण वकील आला. तिशीच्या आत लक्षाधीश झालेला, पण संसार मोडण्याच्या बेतात आलेला. पतिपत्नींनी होते नव्हते ते वाटून टाकले आणि नव्याने आरंभ केला. भोवतालच्या मजुरांची खोपटी पाहून जॉर्डन व फुलर यांनी ठरविले, की घर फुकट द्यावयाचे नाही. नफा आणि व्याज न घेता विकावयाचे. येणाऱ्या हप्त्यांतून पुढच्याचे घर उभे राहावे. याच विचारातून १९७६ मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था निघाली. (आज काही ठिकाणी अल्पसे व्याज घेतात.)

जवळच्याच प्लेन्स गावचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४ पासून हातोडी घेऊन तिच्या कामाला जाऊ लागले. २००६ साली ते लोणावळ्याजवळही येऊन गेले; आठवडाभरात शंभर घरांच्या त्या कार्यक्रमाच्या बातम्या आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. २०१९ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे असताना, घरी पडून कपाळाला टाके पडले तरी गृहस्थ नॅशव्हिलला कामावर हजर!

जॉर्जियात मुलीकडे मुक्काम असताना एका शनिवारी मीही अशा कामावर गेले. प्रथम कागदावर सही करावयाची : इजा झाल्यास जबाबदारी आपली. मग डोक्यावर कडक टोपी, डोळ्यांना चष्मा, कमरेला खिळ्यांची पिशवी. विजेचे आणि नळाचे काम परवानेवाल्या कारागिरांचेच. आम्हा नवशिक्यांकडे भिंती.

इकडची भिंत आधी जमिनीवर आडवी तयार होते, हे मला नवल वाटले. पाइनच्या पट्ट्या दोन बाय चार इंची म्हणतात, प्रत्यक्षात असतात दीड बाय साडेतीन. त्या सोळा-सोळा इंचांच्या अंतराने ठोकावयाच्या. सोळाच का? वरून ठोकावयाचा तक्ता चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच रुंद. दर तिसऱ्या अंतराला त्याची कड बरोबर एका पट्टीवर येते. आमच्या बडोद्याच्या जुन्या वाड्यांतही लाकूड भरपूर, परंतु तेथे मिस्त्रीच्या डोळ्याला जे दिसे, ते येथे हिशेबाने आधीच ठरलेले. म्हणूनच बँकेतला कारकून आणि निवृत्त शिक्षिकासुद्धा एका सकाळीत भिंत जुळवू शकतात.

मग दहाजणांनी कडेला उभे राहावयाचे, म्होरक्याने तीन म्हणताच उचलावयाचे. भिंत गुडघ्यापर्यंत सहज येते, छातीपाशी जड होते, आणि क्षणात उभी! कुणी तिरपा टेकू ठोकला, कुणी पातळीची नळी लावून ती सरळ आहे ना, ते पाहिले.

माझ्या शेजारी उचलणारी सावळी, ठेंगणी बाई कोण, हे मला दुपारी कळले. घर तिचेच होते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरी, पदरी दोन मुली. सोळा वर्षांखालील मुलांना बांधकामावर मज्जाव, म्हणून मुली आल्या नव्हत्या. धाकटीने मात्र पडद्यासाठी खिडकीचे माप आणावयास सांगितले होते. ते तिने टेपने घेऊन हातावर लिहून ठेवले. दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे ती मला प्रत्येक वाक्याला 'मॅम' म्हणे. तिच्या पिशवीत एक वही होती. कर्जाखेरीज काही शे तासांची मेहनत घरमालकाने द्यावी, असा नियम आहे. 'स्वेट इक्विटी' म्हणतात, म्हणजे घामाचे भांडवल. त्या वहीत दर शनिवारी तासांवर सही होते.

एक शंका मला सकाळपासून छळत होती. चार पगारी सुतारांनी हेच काम निम्म्या वेळात केले असते. आमच्यासारख्यांना शिकविण्यातच म्होरक्याचा अर्धा दिवस गेला. ती खोटी आहे असे मला आजही वाटत नाही. पण मजुरीचा पैसा वाचतो हेही खरे, आणि वहीतले तास विकत मिळत नाहीत, हे त्याहून खरे. बाईला मी विचारले, फुकट मिळाले असते तर? ती हसली. म्हणाली, "मॅम, मग ते त्यांचे राहिले असते."

दुपारनंतर कुणी तरी जाड शाईचे पेन फिरविले. भिंतीवर जिप्समचे तक्ते बसण्यापूर्वी आतल्या लाकडावर शुभेच्छा लिहिण्याची येथे प्रथा आहे. इंग्रजी, स्पॅनिश ओळींच्या मध्ये मी देवनागरीत 'शुभं भवतु' लिहिले. अर्थ विचारून घेऊन बाईने ती अक्षरे बोटाने गिरवली, आणि कुठल्या खोलीची भिंत आहे ते नकाशावर पाहून ठेवले. धाकटीची खोली होती.

पुढच्या शनिवारी येणार का, असे तिने मला विचारले. मात्र त्या दिवशी ती या घरी नसणार होती. काही तास दुसऱ्यांच्या घरांवर द्यावे लागतात. पलीकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या छपराला डांबरी पट्ट्या ठोकावयाच्या होत्या, आणि पाऊस येण्याआधी ते काम उरकावे अशी तिला घाई होती.