परीक्षकाची परीक्षा

भूशास्त्राच्या नियतकालिकाकडे वर्षभर संशोधकांचे निबंध येत असतात. संपादक प्रत्येक निबंध त्या विषयातील जाणत्या परीक्षकांकडे पाठवितो. निरीक्षणे पुरेशी आहेत काय, निष्कर्ष त्यांतून निघतो काय, हे ते तपासतात. लेखकाला बहुधा त्यांची नावे कळत नाहीत. त्यांचे अभिप्राय पाहून संपादक निबंध स्वीकारतो, दुरुस्तीसाठी परत धाडतो किंवा नाकारतो. स्वीकारलेले निबंध अंकांतून छापले जातात व वर्षाच्या अंकांचा मिळून एक खंड होतो.

ही पारख सोपी नसते. सागरतळाच्या खडकांत उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे आढळले होते. कॅनडातील भूशास्त्रज्ञ लॉरेन्स मॉर्ली यांनी १९६३ साली त्यांचा उलगडा केला. तळाशी वर येणारा तप्त शिलारस थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा त्यात कायम राहते. ही दिशा लक्षावधी वर्षांच्या ओघात अनेकदा उलटली आहे. म्हणून पट्टे उमटतात आणि सागरतळ पसरत आहे, असे त्यांनी लिहिले. दोन नियतकालिकांनी तो निबंध नाकारला. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांचा, तोच विचार स्वतंत्रपणे मांडणारा निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भरपूर पुरावा मिळाला. आज या सिद्धांताला तिघांचीही नावे जोडतात.

कच्च्या विधानाला अडविणे हे परीक्षकाचे कर्तव्यच होय. परंतु केवळ अपरिचित म्हणून नवा विचार दूर लोटला जाऊ नये, ही दक्षताही त्यानेच घ्यावयाची असते.