काटा बंद, टेस्ट चालू!

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधला वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. ट्रकचा नंबर आला की आपला एपीआय कंट्रोलर सर्व्हिसला वजन विचारतो. मग प्रत्येक टेस्टला खरा ट्रक काट्यावर चढवायचा? छे! सर्व्हिस कंट्रोलरच्या आत बनवू नका, कन्स्ट्रक्टरमधून द्या. म्हणजे टेस्टमध्ये तिच्या जागी मॉक बसवता येतो.

मॉकला पढवा: ‘१८ टन’ सांग, कंट्रोलरने २०० द्यावा. ‘ट्रक सापडला नाही’ सांग, ४०४ यावा. ‘काटा बंद’ म्हणून एक्सेप्शन फेक, ५०३ यावा. ही तिसरी टेस्ट विसरलात, तर काटा बंद असताना पावतीवर शून्य टन छापलं जाऊ शकतं!

फक्त एक लक्षात ठेवा: मॉक पढवलेलंच बोलतो. खऱ्या काट्याशी जोडणी चालते का, ते इंटिग्रेशन टेस्टच सांगेल.