फॉरमॅट मारण्याआधी

जुना कॉम्प्युटर रखडू लागला की सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, नवी विंडोज टाका. सल्ला रास्त आहे. वर्षानुवर्षं वापरलेलं मशीन सुरू होतानाच डझनभर प्रोग्रॅम जागे होतात, दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात येतात, भंगारात गेलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर तसेच पडून असतात. हा पसारा एकेक करून आवरण्यापेक्षा पाटी कोरी केलेली बरी. पण पाटी पुसायचं काम ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मशीनच करतं. कसब लागतं ते त्याआधी, पाटीवर काय लिहिलंय ते वाचायला. बहुतेक नुकसान होतं ते हे वाचन टाळल्यामुळे.

सुरुवात डिस्कपासून करावी. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्रॅम ती दाखवतो. बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर दुखणं डिस्कचं आहे आणि कोरी विंडोज त्यावर इलाज नाही. डिस्क धडधाकट असली तरी फिरत्या तबकडीवर हव्या त्या जागी पोचायला तिला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीला त्याच्याही शतांश वेळ पुरतो. खर्चाचं काय, असं कुणी विचारेल. खर्च आहेच, पण विंडोज नव्या एसएसडीवर टाकली की जुनी डिस्क न पुसता बाजूला काढून ठेवता येते, आणि विसरलेलं काही नंतर तिच्यावर शोधता येतं. वेगापेक्षाही हा फायदा मला मोठा वाटतो.

‘सगळं डी ड्राइव्हवर ठेवलंय’ हा दिलासा मात्र फसवा असतो. अनेक मशीनांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोज टाकताना जी यादी समोर येते तिच्यात सी-डी ही अक्षरं नसतात, नुसते पार्टिशनचे क्रमांक आणि आकार असतात. घाईत सगळे पार्टिशन उडवले की डी ड्राइव्हही गेला. आपल्याकडे याहून अवघड गोष्ट फाँटची. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे फाँट यांत टाइप केलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. तिथे असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. विंडोज २००० पासून खरी मराठी अक्षरं साठवणारी युनिकोड देवनागरी उपलब्ध होती, तरी पेजमेकरवर चालणारे छापखाने जुन्या फाँटवरच राहिले, कारण पेजमेकरला युनिकोड देवनागरी पेलत नव्हती. त्यामुळे दिवाळी अंकांचे मजकूर, संस्थांच्या घटना, कुळांच्या वंशावळी आजही त्या फाइलींत आहेत. फॉरमॅटनंतर त्या उघडल्या की स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. फाइल खराब झाली असं समजून माणूस ती डिलीट करतो, आणि तेव्हा ती खरोखर जाते.

विंडोजमध्ये ‘माझ्या फाइल ठेवा’ असा रीसेटचा पर्याय आहे, मग एवढा खटाटोप कशाला? पर्याय चांगला आहे, पण तो कागदपत्रं राखतो आणि बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम काढून टाकतो. फाँट बसवलेले असतात विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, आणि नवं होतं नेमकं तेच. हिशेबाच्या टॅली ईआरपी ९ चा डेटाही अनेक ठिकाणी कागदपत्रांच्या फोल्डरात नसून थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्या फोल्डरात असतो. शिवाय तिचं लायसन्स आधी सरेंडर करावं लागतं. विंडोज १० च्या लायसन्सची चिंता त्या मानानं कमी: डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळालं की ते परत लागू होतं.

एवढी मेहनत घेण्यापेक्षा नवं मशीन घ्यावं, हा आक्षेप आता जास्त वजनदार झालाय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा व साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनला विंडोजऐवजी लिनक्स मिंट हा चांगला मार्ग आहे. पण नवं मशीन घेतलं तरी तेही कोऱ्या विंडोजसह येतं. जुने फाँट त्यातही नसतात. म्हणून काहीही पुसण्याआधी फाँटच्या आणि मजकुराच्या फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्याव्यात, महत्त्वाचा मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातली एखादी फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहावी.