हृदयदौर्बल्य : काही रूढ गैरसमज

‘हार्ट फेल’ एवढे शब्द कानी पडताच नांदेड-लातूरकडील कित्येक घरांत माणूस गेल्यातच जमा धरून दूरच्या नातलगांना निरोप धाडण्याची तजवीज सुरू होते. वास्तविक या विकारात हृदय बंद पडलेले नसून, शरीरास हवे तितके रक्त पुढे लोटण्याचे त्याचे सामर्थ्य तेवढे उणावलेले असते, आणि उपचार नेमाने चालल्यास अनेक रोगी पुढे वर्षानुवर्षे आपला प्रपंच सांभाळतात.

हा म्हातारपणाचाच रोग, ही समजूतही अपुरी आहे. हृदयविकाराच्या झटक्याने निकामी झालेला हृदयाचा स्नायू आणि दुर्लक्षिलेला रक्तदाब ही मुख्य कारणे खरी. तथापि मधुमेह, मद्य, क्वचित बाळंतपण हीही कारणीभूत होतात, आणि बालपणीच्या घसादुखीमागून आलेल्या रूमॅटिक तापाने झडपा बिघडून ऐन पंचविशीतील स्त्रीसही धाप लागू शकते. उताणे निजताच जीव घुसमटणे, नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी खळगा तसाच राहणे, हे निव्वळ ‘वयोमान’ नव्हे.

सर्वांत घातक गैरसमज औषधांविषयीचा. फ्युरोसेमाइडची, म्हणजे लघवीची, गोळी साचलेले पाणी उतरवते, सबब तिचा गुण डोळ्यांना दिसतो. पण बहुतेकांत आयुष्याची मुदत वाढवणारी एनालाप्रिल, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे आपले काम मुकाट्याने करतात, आणि सूज ओसरताच रोगी नेमकी तीच बंद करतो. ‘मला साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला?’ हा प्रश्न तर ठरलेला! डापाग्लिफ्लोझिन मूळचे मधुमेहाचे खरे. पण मधुमेह नसलेल्या हृदयदौर्बल्याच्या रोग्यांसही ते उपकारक असल्याचे २०१९ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. उलट गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी शरीरात पाणी साठवते, आणि ताटातले लोणचे, पापड व खारट ठेचा तिला साथ देतात.

पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात घामाने पाणी घटून भोवळ येऊ लागल्यास लघवीच्या गोळीची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, स्वतःच्या मर्जीने नव्हे. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत नोंदवावे. तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास वाट न पाहता आपल्या डॉक्टरांकडे, अथवा नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जावे, आणि जाताना ती वही, जुने कागद व चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.