धातूच्या सांध्यावरचे जंतू

झिजलेला गुडघा किंवा खुबा काढून तेथे धातू व प्लॅस्टिक यांचा सांधा बसवला, की काठी टेकत चालणारे आजी-आजोबा पुन्हा जिना चढू लागतात. पण या सांध्यावर जंतूंनी ठाण मांडले, तर त्यांना हुसकणे फार अवघड जाते. असे का व्हावे? धातू तर निर्जीव; तो जंतूंना काय खायला घालणार?

उत्तर या निर्जीवपणातच आहे. आपल्या हाडामांसात रक्त खेळते. जंतू शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. औषधही रक्तातूनच पोहोचते. धातूत रक्तवाहिन्या नसल्याने तेथे पहारा ढिला पडतो. १९५७ साली एलेक व कोनेन यांनी दाखवून दिले, की त्वचेत पू होण्यास स्टॅफिलोकॉकस जातीचे लाखो जंतू टोचावे लागतात; पण त्या जागी रेशमी टाका असला, तर काहीशे जंतूही पुरतात!

शिवाय पृष्ठभागाला चिकटलेले जंतू आपल्याभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. त्याला 'जैवपटल' म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या रांजणाच्या आतून बोट फिरवून पाहा. तसाच हा थर! त्यातील अनेक जंतूंची वाढ मंदावलेली असते, आणि वाढत्या जंतूंना मारणारी प्रतिजैविके त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. संसर्ग लवकर कळला, तर सांधा धुऊन वाचवता येतो. उशीर झाला, तर बहुधा तो काढून नवा बसवावा लागतो. उतारवयात दुसरी मोठी शस्त्रक्रिया सोसणे सोपे नसते.

म्हणून जंतूंना आधीच अडवणे महत्त्वाचे. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ पासून पोलादी गोळा व प्लॅस्टिकची वाटी असलेला खुबा बसवण्यास सुरुवात केली. माणसांच्या त्वचेचे सूक्ष्म कण जंतूंसह हवेतून जखमेत पडतात, हे ओळखून त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेली हवा खेळवली. अशा उपायांनी दर १०० रुग्णांमागे सुमारे ७ जणांना होणारा संसर्ग त्या दशकाअखेर एकाच्या आसपास आला.

मात्र पायाच्या चिघळलेल्या जखमेतून रक्तात शिरलेले जंतू वर्षांनंतरही सांधा गाठू शकतात. मधुमेह असल्यास धोका वाढतो. तेव्हा घरातील कोणाचा बसवलेला सांधा अचानक दुखू वा सुजू लागला, तर 'वयाचे दुखणे' म्हणून थांबू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा.